शेल कंपनीची लेखाधोरणे
विधिवत नोंदलेली, परंतु लक्षणीय व्यवसाय वा मत्ता नसलेली कंपनी. एखादा चालू व्यवसाय संपादन करणे हेच अशा काही कंपन्यांचे उद्दिष्ट असते. कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये या संज्ञेची व्याख्या नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सेबीने मुंबईतील शेअरबाजारांना ३३१ संशयित शेल कंपन्यांच्या रोख्यांचे व्यवहार निर्बंधित करण्यास सांगितले. त्यांपैकी काहींना रोखे अपील न्यायाधिकरणाने दिलासा दिला. प्रामाणिक व बनावट कंपनीतील भेद ओळखण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे हिशेब. सातत्य, उपार्जन व चालू संस्था ही १९७९ च्या पहिल्या भारतीय लेखामानकातील मूलभूत गृहीतके होत. उत्पन्नाअभावी यांतील तिसरे येथे कसोटीस लागते : प्रवर्तकांची कर्जे थांबल्यास कंपनी टिकेल काय, याविषयीची गंभीर साशंकता टिपांत प्रकट करावी लागते. भारतीय लेखामानक १०३ नुसार संपादनासाठी दिलेले सल्ला-शुल्क मत्ता न मानता त्या काळाचा खर्च मानतात. याउलट, चालू कंपनीनेच सूचिबद्ध शेल कंपनीमार्फत शेअरबाजारात प्रवेश केल्यास, शेलच्या निव्वळ मत्तेहून अधिक दिलेले मूल्य ख्यातिमूल्य न ठरता सूचीकरणाचा खर्च ठरते. परिणामी रिकाम्या कवचाची किंमत ताळेबंदात संपत्ती म्हणून दिसत नाही.