ट्रस्ट बंद पडला, पैसा बँकेत अडकला : आता करायचं काय?

विश्रांतवाडी, कळस, धानोरी, टिंगरेनगर या पट्ट्यातून आमच्याकडे एकाच धाटणीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वीस-तीस वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या चार-पाच बुजुर्गांनी मिळून एक ट्रस्ट नोंदवला. कुठे मय्यतीच्या खर्चासाठी, कुठे यतीम मुलांच्या फीसाठी, कुठे गरीब मुलींच्या लग्नाला हातभार लावण्यासाठी. खडकीच्या कारखान्यांत, लष्करी वर्कशॉपमध्ये नोकरी करणाऱ्या माणसांनी पगारातून दर महिन्याला पाच-दहा रुपये दिले. काही वर्षं काम जोरात चाललं. मग अध्यक्ष वारले, सेक्रेटरी मुलाकडे मुंबईला गेले, खजिनदारांची नजर गेली. पावतीपुस्तकं एखाद्या घरात पेटीत पडून राहिली आणि बँकेत काही हजार किंवा काही लाख रुपये तसेच राहिले. आता मोहल्ल्यातले तरुण विचारतात, "हे पैसे काढून दुसऱ्या चांगल्या कामाला देता येतील का?"

येतील. पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा. उरलेल्या दोन ट्रस्टींनी एका संध्याकाळी बसून "आजपासून ट्रस्ट बंद, पैसे मस्जिदीला" असा ठराव केला, तर कायद्याच्या लेखी त्याला काही किंमत नाही. सार्वजनिक ट्रस्ट हा ट्रस्टींच्या मालकीचा नसतो, ते फक्त अमीन असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून 'बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्ट') याच्या खाली नोंदलेली संस्था धर्मादाय कार्यालयाच्या किंवा न्यायालयाच्या हुकमाशिवाय मिटत नाही. आणि ट्रस्टींनी पैसे आपसांत वाटून घेणं हा तर सरळ अपहार झाला, मग रक्कम कितीही लहान असो.

पहिलं काम म्हणजे नोंदणी क्रमांक पाहणं. त्यातलं अक्षर बरंच काही सांगून जातं. 'बी' म्हणजे मुस्लिम ट्रस्टच्या रजिस्टरातली नोंद, 'ई' म्हणजे सर्वसाधारण धर्मादाय ट्रस्ट, 'एफ' म्हणजे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची संस्था. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांना दोन नंबर असतात, एक सोसायटीचा आणि एक ट्रस्टचा. अशा संस्थेला दोन्ही कायदे लागू होतात. सोसायटी कायद्याचं कलम १३ सांगतं की विसर्जनासाठी सभासदांपैकी किमान तीन-पंचमांशांची संमती लागते. कलम १४ सांगतं की देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटता येत नाही, ती दुसऱ्या सोसायटीलाच द्यावी लागते.

'बी' अक्षर दिसलं की अनेक जण घाबरतात : म्हणजे हे वक्फ झालं का? हा घोळ महाराष्ट्रात बरीच वर्षं होता. राज्य वक्फ मंडळ जानेवारी २००२ मध्ये स्थापन झालं आणि त्यानंतर धर्मादाय आयुक्तांकडचे मुस्लिम ट्रस्ट कोणाच्या ताब्यात, यावरून वाद सुरू झाला. तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २० ऑक्टोबर २०२२ च्या निकालाचा आपल्या कामाचा भाग असा, की मुसलमानाने स्थापन केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट आपोआप वक्फ ठरत नाही. वक्फ आणि ट्रस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ च्या दुरुस्तीनेही सार्वजनिक धर्मादाय कायद्यांखालचे मुस्लिमांचे ट्रस्ट वक्फ कायद्यातून वगळले. म्हणून अक्षरावर थांबू नका, मूळ दस्त वाचा. वाकिफने जमीन किंवा इमारत कायमची अल्लाहच्या नावे केली आहे का, की लोकांनी वर्गणी गोळा करून एका कामासाठी निधी उभा केला आहे?

वक्फ असेल तर गोष्टच वेगळी. हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीची हदीस सगळ्यांना माहीत आहे : ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, उत्पन्न मात्र गरजूंवर खर्च करायचं. वक्फ बंद होत नाही. मुतवल्ली उरला नसेल तर कलम ६३ खाली मंडळ नवा नेमू शकतं. मूळ काम उरलंच नसेल, तर कलम ३२ खाली मंडळ ते उत्पन्न मिळत्याजुळत्या कामाकडे, गरिबांकडे किंवा समाजातल्या शिक्षणाकडे वळवू शकतं. मालमत्ता विकण्याचा विचारही करू नये, कलम १०४-अ ने त्याला बंदी आहे.

आता साध्या ट्रस्टकडे येऊ. कारण विश्रांतवाडीतली बहुतेक प्रकरणं त्यातलीच आहेत.

इथे आमचं स्पष्ट मत आहे, की बंद करण्याची घाई करू नये. आधी ट्रस्ट कागदावर जिवंत करावा. का, ते सांगतो. बँकेत गेलात तर मॅनेजर परिशिष्ट एकचा उतारा मागतो, म्हणजे रजिस्टरात आज ट्रस्टी म्हणून कोणाची नावं आहेत ते. त्यावर सगळे मरहूम असतील तर तुमच्या सहीला कोणी विचारत नाही. ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतो तो, द्यायचा असतो. वर्षानुवर्षं दिलेला नसेल तरी सबळ कारण दाखवून, खर्चाची रक्कम भरून उशीर माफ करून घेता येतो. एकही ट्रस्टी हयात नसेल तर ट्रस्टशी हितसंबंध असलेली व्यक्ती कलम ४७ खाली नवे ट्रस्टी नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. मय्यत फंडाचा लाभ घेतलेलं घर, संस्थेचा जुना सभासद, यांनी पुढे यायला हरकत नाही. सोबत राहिलेल्या वर्षांचे हिशेब. एक रुपयाचा व्यवहार झाला नसला तरी हिशेब द्यावाच लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि चार्टर्ड अकाउंटंट फुकट करत नाहीत, पण इथेच बहुतेक जण हात टेकतात आणि पुढची दहा वर्षं जातात.

दहा वर्षांचा हा आकडा आम्ही उगाच घेतला नाही. दोन वर्षं ग्राहकाकडून व्यवहार झाला नाही की बँक खातं निष्क्रिय समजते. दहा वर्षं तसंच राहिलं की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. हा निधी २०१४ पासून आहे. पैसा बुडत नाही, हक्कदाराने कागद दाखवले की बँकेमार्फत परत मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर २०२३ पासून अनेक बँकांतल्या अशा ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. पण कागद दाखवणार कोण? रजिस्टरातला ट्रस्टीच. म्हणून फिरून त्याच चेंज रिपोर्टवर यावं लागतं.

काहीच केलं नाही तर? २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम २२(३अ) आलं. ट्रस्टचा हेतू पूर्ण झाला, बेकायदा ठरला, अशक्य झाला, किंवा ट्रस्टी हेतूसाठी काहीच करत नाहीत असं चौकशीत दिसलं, तर धर्मादाय कार्यालय नोंदणी रद्द करू शकतं. शेवटच्या कारणासाठी अट अशी की बदल अर्ज, हिशेब वगैरे देण्यात पाच वर्षं कसूर झालेली हवी. आपल्या पेटीतल्या ट्रस्टांनी ही अट केव्हाच ओलांडली आहे. नोंदणी रद्द झाली की मालमत्ता ताब्यात घेऊन, गरज पडल्यास विकून, ती रक्कम राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधीत भरता येते. म्हणजे यतीम मुलांच्या फीसाठी दिलेले दहा-दहा रुपये सरकारी निधीत. कायद्याने चूक नाही, पण देणाऱ्यांची नियत ती नव्हती.

दुसरा धोका याहून वाईट आहे. बेवारस ट्रस्टवर कोणाची तरी नजर पडतेच. मुळशी तालुक्यातल्या माण इथल्या ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टचं प्रकरण पुणेकरांनी वाचलं असेल. हिंजवडीच्या आयटी पार्कसाठी जमीन गेली, तिच्या मोबदल्यातले ७ कोटी ७६ लाख रुपये खोट्या कागदांवर उचलल्याचा आरोप झाला आणि २०२१ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. आरोप सिद्ध होणं न होणं न्यायालय पाहील. आपल्यासाठी एवढंच, की ज्या ट्रस्टचे खरे ट्रस्टी कागदावर हजर असतात, तिथे असं धाडस करणं कठीण जातं.

समजा ट्रस्ट जिवंत झाला, हिशेब लागले, आणि तरी सगळ्यांचं मत पडलं की आता हे काम चालवणं शक्य नाही. तेव्हा दोन वाटा उरतात. आम्हाला पसंत असलेली वाट म्हणजे विलीनीकरण. कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्त जाहीर नोटीस काढून, सगळ्यांचं ऐकून, दोन किंवा अधिक ट्रस्टांची एकच योजना बनवू शकतात. छोटा मय्यत फंड चालत्या-बोलत्या मोठ्या संस्थेत मिसळला की पैसा, हेतू आणि हिशेब तिन्ही टिकतात. एकाच भागात तीन मय्यत फंड आणि तिन्ही झोपलेले, यापेक्षा एक जागा राहिलेला बरा. (आपल्याकडे विलीनीकरण कायद्यामुळे कमी आणि "अध्यक्ष कोण होणार" यामुळे जास्त अडतं, हेही खरं.)

दुसरी वाट न्यायालयाची. मूळ हेतू फसला असेल किंवा शिल्लक वापरली जाण्याची शक्यता नसेल, तर कलम ५५ खाली धर्मादाय आयुक्त ट्रस्टींना न्यायालयाकडून निर्देश घ्यायला सांगतात. पुण्यासाठी ते म्हणजे शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. मग कलम ५६ खाली न्यायालय ठरवतं की हा पैसा कोणत्या जवळच्या कामाला जावा. 'जवळच्या' हा शब्द महत्त्वाचा. मुलींच्या शिक्षणाचा पैसा मुलींच्या शिक्षणाकडे, दवाखान्याचा दवाखान्याकडे.

या कलमांना सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच वेसण घातली आहे. १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे ट्रस्टी या कायद्याविरुद्ध गेले होते. न्यायालयाने सांगितलं, की धार्मिक ट्रस्टचा मूळ हेतू पार पाडणं शक्य असताना केवळ दुसरं काम जास्त उपयोगी वाटतं म्हणून पैसा तिकडे वळवणं हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. जैन आणि पारशी समाजाने लढलेल्या या लढाईचा फायदा आज मस्जिदीच्या ट्रस्टलाही मिळतो. आणि ही मर्यादा आपल्यालाही तितकीच लागू आहे. मस्जिदीच्या इमामांच्या पगारासाठी ठेवलेला निधी मोहल्ल्यातल्या मंडळींना "जिम बांधू" वाटलं म्हणून वळवता येणार नाही. आपल्या फिक्हमध्ये वाकिफच्या शर्तीला जो मान आहे, त्याच्याशी हे जुळतंच.

शरीअतचा मुद्दा निघालाच आहे तर खात्यातल्या रकमेकडेही नीट पाहा. सगळा पैसा एका रंगाचा नसतो. जुनी पावतीपुस्तकं काढून जकात किती, फितरा-सदका किती, लिल्लाह किती, हे वेगळं करा. जकातचे हक्कदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत सांगितलेले आठच आहेत. ती रक्कम मस्जिदीच्या रंगकामाला किंवा ऑफिसच्या भाड्याला जाऊ नये, ती गरजूच्या हातात, त्याच्या मालकीची होऊन पोहोचली पाहिजे. वर्षानुवर्षं साठलेलं व्याज हा आणखी वेगळा हिशेब. सवाबची नियत न ठेवता ते गरजूंना देऊन टाकावं, असं आपल्याकडचे उलमा साधारणपणे सांगतात. पावत्या अर्धवट असतील तर अंदाज कसा बांधायचा, हे आपल्या भरवशाच्या मुफ्तींना लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. वकिलाकडे जाण्याआधी हे झालं तर अर्जात रकमांची विभागणी तशीच मांडता येते.

ट्रस्टच्या नावावर खोली किंवा जमीन असेल तर कलम ३६ ची आगाऊ मंजुरी घेतल्याशिवाय विक्री, बक्षीस किंवा लांबचा भाडेपट्टा करू नये. विश्रांतवाडीत जागेचे भाव कुठे गेलेत ते वेगळं सांगायला नको. "मंजुरी मागाहून घेऊ, आधी इसार घ्या" म्हणणारा बिल्डर भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आयकराचं कलम मात्र पुष्कळ जण विसरतात. ट्रस्टने कधी १२ए ची नोंदणी घेतली असेल, तर विसर्जनानंतर मालमत्ता तशाच नोंदणीकृत संस्थेकडे वेळेत जावी लागते. विसर्जन झालं त्या महिन्याच्या अखेरीपासून बारा महिन्यांची मुदत आहे. ती चुकली तर देणी वजा जाता उरलेल्या मालमत्तेवर कमाल दराने कर बसतो. ही तरतूद २०१६ मध्ये कलम ११५टीडी म्हणून आली आणि नव्या आयकर कायद्यातही आहे. म्हणून ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिची नोंदणी आज चालू आहे का, हे ठराव करण्याआधीच तपासा. फक्त ओळखीवर जाऊ नका. तिचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा. देताना लेखी अट घाला, की ही रक्कम वेगळ्या नावाने, वेगळ्या खात्यात राहील आणि मूळ कामालाच लागेल. ट्रस्टच्या जुन्या देणगीदारांची यादी हाती लागली तर तिची एक प्रत नव्या संस्थेकडे द्या आणि एक मस्जिदीत लावा. त्यांची मुलं-नातवंडं याच गल्ल्यांत राहतात. अब्बांचे दहा रुपये कुठे गेले, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.