विजेवरची हत्यारे हाताळताना

विजेवर चालणाऱ्या हत्यारांत चार इंची ग्राइंडर लहानसा, पण सर्वांत दगाबाज. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांचे त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीच्या कडेचा वेग त्यामुळे ताशी २०० किलोमीटरवर जातो आणि चकती फुटलीच, तर तिचे तुकडेही त्याच वेगाने सुटतात. म्हणून यंत्रावर अर्धगोल पत्र्याचा गार्ड असतो. तो पुष्कळदा दुकानात आल्या आल्या निघतो. कोपऱ्यात चकती पोचत नाही, काप नीट दिसत नाही, किंवा मोठ्या यंत्राची झिजून लहान झालेली चकती बसवायची असते, अशी कारणे त्यामागे असतात. यातले शेवटचे कारण सर्वांत वाईट. मोठी चकती कमी वेगासाठी घडवलेली असते. प्रत्येक चकतीवर तिला सोसणाऱ्या कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर ती चकती त्या यंत्राला चालत नाही. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही असते, कारण तिचे कण धरून ठेवणारी राळ काळाने आणि ओलीने दुबळी होते. नवापूरकडच्या पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेल्या चकत्या वरून धडधाकट दिसतात, एवढेच.

लाकूड कापण्यासाठी ग्राइंडरला दातेरी पाते लावणे हा याहून मोठा धोका. सागाच्या चौकटी आणि दारे करणारे काही जण स्वस्तातला उपाय म्हणून तेच करतात. दात गाठीत किंवा जुन्या खिळ्यात अडकला की फिरण्याचा सगळा जोर यंत्रावर उलटतो आणि पाते धरणाऱ्याच्या मांडीकडे किंवा मानेकडे झेपावते. लाकडासाठी गोल करवतीचे वेगळे यंत्र मिळते. त्याचे खालचे आवरण काप संपताच आपोआप पात्यावर येते. ते खिळा ठोकून कायमचे उघडे ठेवले, की वेगळे यंत्र घेतल्याचा फायदा उरत नाही. बोथट पातेही धारदार पात्यापेक्षा अधिक धोक्याचे, कारण ते पुढे सरकावे म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो.

१९४८च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या यंत्रांना आवरण आणि कामगारांच्या डोळ्यांना संरक्षण सक्तीचे केले होते. पण विजेवर चालणाऱ्या जागेत निदान दहा कामगार असतील, तिथपासून तो कायदा लागू झाला. तालुक्याच्या गावातले दुकान मालक, एक कारागीर आणि शिकाऊ पोरगा यांच्यावर चालते. तिथे गार्ड राहतो की निघतो, हे मालकच ठरवतो.

विजेचा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो आकड्यांत समजून घ्यावा लागतो. शरीरातून १ मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर झिणझिण्या येतात. १०च्या आसपास स्नायू आखडून हातातली वस्तू सुटत नाही. ३०च्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडू शकते. घामेजल्या अंगाचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये कोरड्या हाताचा कारागीर सापडणे कठीणच.

बोर्डावरची एमसीबी यातून वाचवते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. १६ अँपिअरची एमसीबी १६,००० मिलिअँपिअरच्या पुढेच विचार करू लागते. तिचे काम वायरिंग वाचवण्याचे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते आणि वाटेत काही गळाले, तर क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरचे टेस्ट बटन महिन्याला एकदा दाबावे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तीही वाचवत नाही.

उरतो प्रश्न अर्थिंगचा, आणि नंदुरबार जिल्ह्यात तो जमिनीशी बांधलेला आहे. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तर उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरात तर वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो. अर्थिंगचा रोध २० ओहम झाला, तर बिघडलेल्या यंत्राच्या धातूच्या अंगातून साडेअकरा अँपिअरच जमिनीत जातात. १६ची एमसीबी पडत नाही आणि यंत्राचे अंग जिवंतच राहते. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी ओतावे, कातळात एकाऐवजी दोन-तीन सळया जोडून घ्याव्यात आणि वायरमनकडून रोध मोजून घ्यावा. दोन पिनांच्या बोर्डात प्लग बसावा म्हणून त्याची तिसरी, जाड पिन छाटली, तर हा सगळा खर्च वाया जातो. प्लग न लावता वायरची उघडी टोके आगकाडीने बोर्डात खोचण्याची रीत तर बांधकामावर सर्रास दिसते.

काही यंत्रांना दोनच पिना असतात, तो दोष नव्हे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या यंत्रात दुहेरी इन्सुलेशन असते, त्याला अर्थिंग लागत नाही. पण आत पाणी शिरले, तर हे संरक्षण संपते. फरशी कापताना कटरवर पाणी सोडतात, तेव्हा ही खूण पुरेशी नाही, आरसीसीबी हवीच. तरीही पाणी टाळू नये. कोरड्या कापणीत उडणारी बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. नर्मदेपलीकडच्या अलीराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. अनेक दगावले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ग्रॅनाइट आणि सिमेंट कापतानाही तीच सिलिका उडते. तोंडाला गुंडाळलेला गमछा ती अडवत नाही. उलट, त्याचे सुटे टोक यंत्रात गुंतू शकते. ड्रिल चालवताना हातमोजेही याच कारणाने घालत नाहीत.

लाईट जाणे ही इथली नित्याची गोष्ट. ग्राइंडरचे बटन दाबून अडकवण्याची सोय असते. लाईट गेली की कारागीर ते तसेच ठेवून चहाला जातो आणि तासाभराने वीज परतते, तेव्हा यंत्र एकटेच जमिनीवर नाचू लागते. लाईट जाताच बटन सोडून प्लग काढावा. चकती बदलतानाही प्लग बाहेरच हवा. ठिणग्या काही मीटर उडतात, त्यामुळे जिनिंगजवळच्या कापसाच्या ढिगाशेजारी किंवा साखर कारखान्यातल्या बगॅसजवळ ग्राइंडर चालवायचा, तर आधी जागा मोकळी करून पाण्याची बादली हाताशी ठेवावी लागते.

शॉक बसून कोणी यंत्राला चिकटला, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ला फोन करावा. धडगावच्या घाटवाटांवर रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, तोवर दाब थांबवू नये. शॉकनंतर शुद्धीवर येऊन बोलू लागलेल्यालाही दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा, कारण त्वचेवरचा डाग लहान असला, तरी हृदयाची बिघडलेली लय बाहेरून कळत नाही.