ढाळजेतली कचेरी

मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, बीड आणि अहिल्यानगर यांच्या दरम्यान प्रवासी आगगाडी धावू लागली आणि १९९५ साली मंजूर झालेल्या लोहमार्गाची तीन दशकांची प्रतीक्षा, परळीपर्यंतचा उर्वरित टप्पा सोडला तर, फळास आली. या गाडीने शेतमाल किती जाईल, विद्यार्थ्यांची सोय किती होईल, याचे हिशेब पुष्कळांनी मांडले आहेत. माझे मन गुंतले आहे ते तिच्या एका निराळ्या उपयोगात. पुण्यात ज्यांच्या मोठ्या कचेऱ्या आहेत अशा संगणक-कंपन्यांनी आपल्या नोकरांना पुन्हा जागेवर रुजू होण्याची फर्माने काढली आहेत. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस मागितले, तर इन्फोसिसने मार्च २०२५ पासून बहुसंख्य कर्मचाऱ्यांना महिन्याकाठी निदान दहा दिवसांची हजेरी सांगितली. या दुसऱ्या तऱ्हेच्या हुकुमात बीडच्या माणसाला थोडी मोकळीक सापडते: या गाडीने अहिल्यानगर गाठून पुढे दहा दिवस पुण्यात काढावेत आणि उरलेले कामाचे दिवस गेवराईत, केजमध्ये किंवा अंबाजोगाईत आपल्या घरी बसून भरावेत. त्या उरलेल्या दिवसांत काम खरोखर होते काय, आणि होत नसेल तर त्याचा बोल कोणाला लावावा, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

या जिल्ह्याला घरात बसून मिळणाऱ्या भाकरीची सवय नाही. दसरा उलटला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना व्यवहारात ‘कोयता’ म्हणूनच मोजले जाते, संसार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी निघतात व वर्षातले पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढतात. शिकलेल्यांची वाट अधिक सुखाची खरी, परंतु दिशा तीच. कोणी हिंजवडीला जातो, कोणी चाकणला. गाव सोडल्यावाचून कमाई नाही हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असल्यामुळे मार्च २०२०च्या टाळेबंदीत हजारो सुशिक्षित मुले-मुली लॅपटॉप काखोटीस मारून गावी परतली तेव्हा घरांनी त्यांचे स्वागत प्रेमाने केले, पण त्यांच्या कामाचे स्वागत कसे करावे हे त्या घरांना उमगले नाही. माझ्या मते ते अद्यापही उमगलेले नाही.

केज तालुक्यातल्या एका खेड्यात मी असे एक घर पाहिले. स्लॅबच्या तीन खोल्या, पुढच्या खोलीत दिवाण आणि टीव्ही, मधल्या खोलीत शिलाईयंत्र, आणि त्या यंत्राच्या फळीवर घरच्या सुनेचा लॅपटॉप. इंटरनेटसाठी लागणारा मोबाइल खिडकीच्या गजाला टांगलेल्या पिशवीत, कारण संपूर्ण घरात तेवढ्याच जागी रेंज स्थिर राहते. ती एका कंपनीसाठी संगणकप्रणाली तपासण्याचे काम करते आणि तिचा पगार त्या घरातला सर्वांत मोठा व सर्वांत नियमित. सासूबाई मायाळू आहेत, तरीही पाहुणा आला की पाण्याचा तांब्या घेऊन उठायचे ते सुनेने, आणि पलीकडून हाक यायची ती अशी : “बाई, घरीच हायस तर कुकराच्या शिट्ट्या तेवढ्या मोज.” दुपारी सासरे आडवे झाले की बैठकीत तिला कुजबुजत बोलावे लागते. तिचे खरे काम रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होते. याच घरातला धाकटा दीर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि घरात गडबड असते म्हणून तालुक्याच्या गावी दरमहा पैसे भरून अभ्यासिकेत बसतो. त्याला घरात एकाग्रता होत नाही, हे सर्वांना मान्य आहे. वहिनीलाही ती होत नसेल, हा विचार कोणाच्या मनाला शिवलेला मला दिसला नाही, आणि सांगायला दुःख होते की तिच्या स्वतःच्याही मनाला तो शिवलेला नव्हता. आपणच कामाचे नियोजन नीट करीत नाही असे ती मला म्हणाली.

घरून काम करणाऱ्यांस उपदेश करणारे जे लेखन उदंड प्रसिद्ध होत असते त्याने तिच्या मनात ही अपराधाची भावना घातली आहे. ठरल्या वेळी उठावे, कचेरीस जावे तसा पोशाख करावा, फोन दूर ठेवावा, दर तासाने उठून चालावे हा उपदेश खोटा नाही. तथापि तो ज्याच्यासाठी लिहिला गेला आहे त्याच्या मालकीची एक खोली आहे आणि त्या खोलीला दार आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी सीट्रिप या चिनी प्रवासकंपनीच्या शांघायमधील दूरध्वनीसेवकांवर केलेल्या प्रयोगाचा दाखला सर्वत्र दिला जातो. नऊ महिने घरून काम केलेल्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, एवढे सर्वांच्या तोंडी असते. परंतु या प्रयोगात कोणाला घेतले होते हे क्वचितच सांगितले जाते. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे आणि ज्यांना कामाला स्वतंत्र खोली आहे, अशांनाच त्यात प्रवेश होता. ही अट पुरी करू शकेल असे घर केज तालुक्यात शोधायला निघालेल्या माणसाने चांगली चप्पल घालून निघावे.

आपल्याला लागू पडणारे संशोधन चेन्नईत झाले आहे, आणि ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचावे अशी माझी फार इच्छा आहे. डेव्हिड अॅटकिन, अँटोनेट शोअर व सुमित शिंदे या तिघांनी संगणकावर माहिती भरण्याच्या कामासाठी माणसे नेमली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निव्वळ योगायोगाने काहींना घर व काहींना कचेरी वाटून दिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे घरी बसलेल्यांची उत्पादकता कचेरीत बसलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरली. या तफावतीचा दोन-तृतीयांश भाग पहिल्याच दिवशी दिसून आला, उरलेला भाग कचेरीतली माणसे लवकर शिकत गेल्यामुळे पडला. पहिल्या दिवशीच! आळस अंगात भिनायला किंवा शिस्त सुटायला काही काळ जावा लागतो. पहिल्या दिवशी जे नडते ते घर असते, असा अर्थ मी यातून घेतो.

याच निबंधातला दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. नेमणुकीपूर्वी प्रत्येकाची पसंती विचारून ठेवलेली होती. ज्यांनी घराला पसंती दिली ते मुळात अधिक जलद आणि अधिक अचूक काम करणारे निघाले. आणि तरीही घरी बसल्यावर सर्वांत अधिक घसरण त्यांचीच झाली, २७ टक्क्यांची, तर कचेरी पसंत करणाऱ्यांची घसरण १३ टक्क्यांवर थांबली. गुणवान माणसे आपल्या हिताविरुद्ध निवड का करतात? लेखकांना त्याचा काही अंशी उलगडा झाला तो असा, की ही निवड करणाऱ्यांत ज्यांच्या गळ्यात मुलांचा सांभाळ आणि घरातली शुश्रूषा पडलेली आहे असे, तसेच गरीब घरांतले, अधिक होते. ज्या कारणाने त्यांना घर सोडवत नाही त्याच कारणाने त्यांना घरी काम करवत नाही. केजच्या त्या सुनेची हकिकत चेन्नईच्या आकड्यांत अशी जशीच्या तशी आढळली तेव्हा मी तो निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला.

केंद्र सरकारच्या २०२४च्या कालविनियोग पाहणीत, घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यांत घालवितात व ती कामे करणारे पुरुष ८८, असे आढळले. स्त्रीच्या कामाच्या दिवसावर आधीच चढलेला हा बोजा जाणून न घेता तिला उत्पादकतेचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते.

आता कोणी म्हणेल की घरातून कामकाज करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि ते म्हणणे बरोबर आहे. निजामी अमदानीत व तिच्या आधीही गावच्या कुलकर्ण्याचे दफ्तर त्याच्या घरातच असे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या वाड्याची रचना पाहावी: दिंडी दरवाजातून आत शिरताच दोन्ही बाजूंस ढाळज, पुढे चौक, त्यापलीकडे ओसरी आणि ओसरीच्या आत माजघर. जमाबंदीचे कागद रुमालात बांधून ढाळजेच्या कोनाड्यात ठेवलेले, शेजारी बैठे मेज, दौत आणि बोरू. रयतेने तेथवर यावे, आपले काम सांगावे आणि परतावे. कचेरी आणि संसार एकाच छपराखाली, परंतु दोहोंमध्ये एक आखा चौक. अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढले. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे अशी आख्यायिका अंबाजोगाईत आजही सांगतात. एवढा विस्तृत पट अंथरण्याइतकी निवांत जागा त्या थोर पुरुषाला लाभली होती. त्या व्यवस्थेचा मी भक्त नाही. ढाळज पुरुषांची होती आणि तिची शांतता माजघरातल्या बायकांनी राबून राखलेली होती. तथापि कामाला घरात स्वतंत्र जागा लागते, आणि तेथे बसलेल्या माणसाला घरातल्या कोणीही हाक मारू नये असा दंडक लागतो, एवढे ज्ञान त्या वाड्यांच्या बांधणीत होते. स्लॅबची घरे बांधताना आपण ढाळज काढून टाकली आणि त्या जागी टीव्ही आणून ठेवला.

प्रत्येक घराला नवी ढाळज बांधता येणार नाही. गावाला मात्र येईल. तिचा नमुना जिल्ह्यात तयार आहे, तो म्हणजे खुद्द अभ्यासिका. बीड शहरात आणि तालुक्यांच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी त्या निघाल्या आहेत : प्लायवूडच्या आडफळ्यांनी वेगळी केलेली टेबले, प्रत्येकाला दिवा आणि प्लग, कोपऱ्यात इन्व्हर्टर, भिंतीवर शांतता पाळण्याची सूचना. पगारी माणसाला याहून अधिक काय हवे? बैठकीत बोलण्यासाठी एक बंद खोली आणि भरवशाचे फायबर कनेक्शन, बस. केरळ सरकारने २०२२-२३च्या अर्थसंकल्पात घराजवळच्या कार्यस्थळांसाठी ५० कोटी रुपयांची तरतूद केली होती. आपल्याकडे १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी वाचनालये गावोगाव आहेत आणि दुपारच्या वेळी त्यांतली कित्येक कुलूपबंद असतात. जिल्हा नियोजन समितीने आरंभी प्रत्येक तालुक्यात एका वाचनालयाला आडफळ्या, इन्व्हर्टर आणि फायबर यांचा खर्च मंजूर केला तर तो रस्त्याच्या एखाद्या तुकड्याहून अधिक होणार नाही. इतरांसाठी माफक मासिक वर्गणी ठेवावी, स्त्रियांना ती माफ असावी.

या योजनेत एक अडचण मला मोठी वाटते आणि तिची तजवीज आधीच झाली पाहिजे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची कामे भारतीय वेळेनुसार संध्याकाळनंतर सुरू होतात आणि रात्री दहा-अकरापर्यंत लांबतात. त्या वेळी तालुक्याच्या गावाहून खेड्याकडे येणारी शेवटची एस.टी. निघून गेलेली असते, आणि सून रात्री बाहेर बसून काम करते ही गोष्ट सासरच्या माणसांच्या गळी उतरवणे सोपे नाही. यास्तव अशी पहिली जागा बसस्थानकाजवळच्या व्यापारी गाळ्यात उघडू नये. ती गावातच, ग्रामपंचायतीच्या इमारतीत, अंगणवाडीच्या शेजारी असावी, म्हणजे दिवसा मूल तेथे सोडता येईल. आणि किल्ली गावातल्याच एखाद्या बचत गटाच्या हाती द्यावी, म्हणजे दार रात्री किती वाजता लावायचे हे त्या बायकांनाच ठरवता येईल.