प्लास्टरच्या आधी हिशेब

नवं घर पाहायला आलेला पाहुणा फरशीचं कौतुक करतो, रंगाला नावं ठेवतो, स्वयंपाकघरातला ओटा हात फिरवून बघतो. भिंतीच्या आत पाइप कसे वळवले, वायर कुठल्या जाडीची ओढली, अर्थिंग नीट झालं की नाही, हे कुणी विचारत नाही. वायरमनचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही. आणि जे दिसत नाही, त्याचे पैसे कापणं फार सोपं असतं. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली पोटठेका घेणाऱ्या वायरमनने आपला मोबदला कसा राखावा, याविषयी आज थोडं बोलू.

आयटीआय करून बाहेर पडलेला मुलगा सुरुवातीला रोजावर जातो. संध्याकाळी किंवा आठवड्याच्या बाजाराला पैसे हातात पडतात. चार वर्षांनी हात बसतो आणि ठेकेदार म्हणतो, “मिस्त्री, हा बंगला तू उक्ता घे. माल माझा, मजुरी तुझी.” ठेकेदाराकडे सरकारी परवाना असतो, वीजजोडणीसाठी लागणाऱ्या चाचणी अहवालावर सही त्याची असते. भिंती मात्र वायरमन आणि त्याचे हेल्पर फोडतात. या एका वाक्याने वायरमनचा दर्जा बदलतो. काल तो मजुरी घेणारा होता, आज तो मजुरी देणाराही झाला. नफ्याची आशा वाढली, तशी जोखीमही अंगावर आली.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, १२० पॉइंटचं काम आहे आणि मजुरीचा भाव पॉइंटला ३५० रुपये. एकूण ४२,००० झाले. दोन हेल्पर, प्रत्येकी ६०० रुपये रोज, वीस दिवस काम, म्हणजे २४,००० गेले. मिस्त्रीला १८,००० उरले, रोजचे ९००. आता घरमालकीणबाईंनी मधेच १४ पॉइंट वाढवले. त्याला दोन दिवस जास्त लागले, हेल्परांचे आणखी २,४०० गेले. वाढीव पॉइंटचे पैसे “नंतर बघू” म्हणून राहिले आणि मूळ बिलातले दहा टक्के, म्हणजे ४,२०० रुपये, ठेकेदाराने अडकवून ठेवले. हातात उरले ११,४००. बावीस दिवसांनी भागा. रोज सुमारे ५१८ रुपये. हेल्परला ६०० मिळाले आणि ज्याने काम अंगावर घेतलं त्याला ५१८. यात उघड फसवणूक कुणी केलेली नाही. फक्त दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या.

मी शब्दांत रमणारा माणूस. मला या व्यवहारातले शब्द नेहमी खटकतात. “होऊन जाईल”, “शेवटी ॲडजस्ट करू”, “तुझे पैसे कुठे जातात?” या वाक्यांत आकडा नाही आणि तारीखही नाही. ज्या वचनाला आकडा आणि तारीख नाही, ते पाळलं की मोडलं हे ठरवणार कसं?

सगळ्यांत फसवा शब्द आहे ‘पॉइंट’. दिव्याचा एक, पंख्याचा एक, इथवर सगळे सहमत. पण बोर्डावरचा छोटा प्लग पूर्ण पॉइंट धरायचा की अर्धा? एसीचा आणि गिझरचा भाव वेगळा की तोच? डीबीपासून खोलीतल्या बोर्डापर्यंतची मेन लाइन कशात मोजायची? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत डीबी ते स्विचबोर्ड ही लाइन पॉइंटमध्ये येत नाही, ती लांबीवर वेगळी मोजतात. खासगी कामात मात्र ती गुपचूप पॉइंटच्या पोटात घातली जाते. म्हणून काम सुरू करण्याआधी एका कागदावर प्रत्येक प्रकारचा भाव लिहावा. भिंत फोडणं, खाचा बुजवणं, मलबा उचलणं कुणाकडे, तेही लिहावं. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. स्टॅम्पपेपर नसला तरी हा कागद कामाला येतो.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. या कामाचे चार टप्पे सरळ दिसतात: स्लॅबमध्ये पाइप टाकणं, भिंतीत पाइप व बॉक्स बसवणं, वायर ओढणं, आणि शेवटी स्विच बसवून चाचणी. प्रत्येक टप्प्याला किती टक्के रक्कम, हे आधी ठरवावं. नुसती उचल मागत राहिलं की हिशेब धूसर होतो. टप्प्याचं बिल मागितलं की कामाची कबुलीही मिळते. प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढावा, पॉइंट मोजून ठेकेदाराच्या माणसाची वहीत सही घ्यावी. एकदा प्लास्टर झालं की आतलं मोजायला भिंत फोडावी लागते, आणि ती कुणी फोडू देत नाही.

वाढीव कामासाठी त्याच संध्याकाळी एक संदेश पाठवावा: “शेठ, आज हॉलमध्ये २ पंखे, ४ दिवे वाढवले. एकूण ६ पॉइंट, भाव ठरल्याप्रमाणे ३५०. बरोबर असेल तर ‘होय’ कळवा.” असा संदेश कोर्टात पुरावा म्हणून दाखल करता येतो; मात्र त्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. लेखी ऑर्डर नसली तरी १८७२च्या करार कायद्याचं कलम ७० उपयोगी पडतं. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला, त्याने त्याची भरपाई द्यायला हवी, असं ते सांगतं. पण काम केलं हे सिद्ध करायला नोंदच लागते.

अडकवलेल्या रकमेवर परतीची तारीख लिहून घ्यावी. “मालकाकडून आले की देतो” अशी अट करारात मान्य केलेली नसेल, तर ती ठेकेदाराची सोय आहे, वायरमनवरचं बंधन नव्हे. त्याचा व्यवहार ठेकेदाराशी झाला आहे.

आता कायद्याचा आधार. काम घेण्याआधी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. माल आणि मजुरी एकत्र असलेला ठेका या कायद्यात बसतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून मजुरीचं बिल वेगळं असलेलं बरं. मिळालेला चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आणि काम झाल्यावर पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते. “आज देतो, उद्या देतो” यात ती केव्हा सरते ते कळत नाही.

एक पथ्य वायरमननेही पाळावं. पैसे अडले तर काम थांबवावं, तसं लेखी कळवावं. पण अर्थिंग अर्धवट सोडून किंवा हलकी वायर ओढून सूड उगवू नये. त्याची किंमत ठेकेदार मोजत नाही, त्या घरातलं लहान मूल मोजतं.

आणि घर बांधणाऱ्यांनी एवढं करावं: ठेकेदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी वायरमनला बोलावून विचारावं, “मिस्त्री, तुमचा हिशेब पुरा झाला का?” आपल्या घरातला दिवा ज्याच्या हाताने लागला, त्याच्या घरातली चूल त्या उत्तरावर अवलंबून असते.