दप्तर कोठे ठेवावे?

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण दान दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे म्हटले आहे. हिशेब तंतोतंत जुळतो. अशा ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. शेवटी हे सारे निगमसभेत ऐकवून फलकवारात, म्हणजे नोंदणीच्या कचेरीत, नोंदवल्याचा उल्लेख आहे.

फलकवारातली ती नोंद केव्हाच नाहीशी झाली. भिंतीवर कोरलेली प्रत उरली, म्हणून आपल्याला व्यवहार कळतो.

गेली दोन वर्षे मी एका प्रश्नाच्या मागे आहे. पुरातत्त्वीय नोंदी आता संगणकावर होतात; त्या कायमच्या ठेवायच्या तर कोणत्या डिजिटल भांडारात? इंग्रजीत त्याला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. मी ‘दप्तरखाना’ म्हणतो, कारण काम तेच आहे. या विषयावरचे वाचन करताना उषवदाताचा लेख मला वारंवार आठवत राहिला. दप्तरखाना निवडताना आपण जागा किती, वेग किती, फुकट की विकत, एवढेच विचारतो. त्याने मात्र देखभालीचा खर्च दरवर्षी कोठून निघेल हे आधी ठरवले होते. माझ्या मते निवडीचा पहिला प्रश्न तोच असायला हवा.

जपायचे काय?

पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांच्या दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याच्या दोन तालुक्यांतील वीरगळ, सतीशिळा आणि गधेगळ यांच्या नोंदी मी करीत आलो. प्रत्येक शिळेचे मोजमाप, दिशा, शिल्पपट्टांचे वर्णन, छायाचित्रे, उपग्रहाधारे घेतलेले स्थान आणि गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेली माहिती. त्यांतल्या काही शिळा आज त्या जागी नाहीत. काही रस्ता रुंद होताना गेल्या, काही मंदिराच्या जीर्णोद्धारात नव्या चौथऱ्याखाली गाडल्या गेल्या, काहींवर तैलरंगाचे इतके थर चढले की शिल्प ओळखू येत नाही. तेथे आता माझी नोंद हाच पुरावा आहे. ती गेली तर शिळा दुसऱ्यांदा जाईल.

उत्खननात हे आणखी कठोरपणे घडते. थर एकदा खणला की तो पुन्हा खणता येत नाही. मागे उरतात त्या वस्तू, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाली याच्या नोंदी. शिरूरजवळ घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उदाहरण घेऊ. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. अहवाल १९८८ मध्ये आला. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले तेथे मोठ्या संख्येने मिळाली. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास केला. मुलांची वाढ, पोषण आणि बदलते हवामान यांचा संबंध तपासणारे त्यांचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. खणणाऱ्यांच्या मनात नसलेले प्रश्न पुढच्या पिढीला विचारता आले, कारण सांगाडे जपलेले होते आणि ते कोणत्या काळाचे, कोठून आलेले, याची नोंदही सोबत होती.

छापील अहवालात निष्कर्ष येतात. निष्कर्ष तपासायचे, बदलायचे तर मूळ नोंदवह्या, तक्ते, नकाशे आणि छायाचित्रे लागतात. जपायचे ते हे.

साठवणे वेगळे, जतन वेगळे

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी वाचणारे किती? संगणकाच्या धारिणीचे, म्हणजे फाइलचे, असेच असते. तिचा प्रकार ही एक लिपी असते. ती वाचणारे सॉफ्टवेअर बाजारातून गेले की धारिणी जागेवर असूनही मुकी होते. मराठी लेखकाला हे सांगायला नको. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेला मजकूर आजच्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो. मोडी शिकण्याचे वर्ग तरी भरतात. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचे भरत नाहीत.

इंग्लंडमधले एक उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-पाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी, संगणकीय पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तिला हातभार लावला. ती लेझर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवून घेण्यासाठी वेगळा संशोधन प्रकल्प करावा लागला. चामड्यावरची १०८६ची पाहणी मात्र आजही वाचता येते.

म्हणून चांगला दप्तरखाना तीन कामे करतो. पहिले, धारिणीचा ताळा. शाळेत आपण गुणाकाराचा ताळा घेत असू, तसाच प्रत्येक धारिणीचा एक आकडा काढून ठेवतात. त्याला ‘चेकसम’ म्हणतात. ठरावीक काळाने तो पुन्हा काढतात. एखादे अक्षर जरी बिघडले तरी ताळा चुकतो, आणि मग दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीवरून दुरुस्ती करता येते. दुसरे काम लिप्यंतराचे. जुना प्रकार मावळू लागला की मजकूर नव्या, खुल्या प्रकारात उतरवायचा आणि मूळ प्रतही ठेवायची. तिसरे, कायमचा पत्ता. संकेतस्थळाचे दुवे तुटतात. ‘डीओआय’ हा क्रमांक मात्र त्या नोंदीचाच असतो, ती हलली तरी नोंदणीत नवी जागा दाखवता येते आणि वाचक तेथे पोचतो.

घरची हार्ड डिस्क यांपैकी एकही काम करीत नाही. क्लाउडवरचे खाते पहिले काही प्रमाणात करते. पण ते एका माणसाच्या नावावर असते आणि त्याच्या माघारी परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसतो.

समोरचे पर्याय

पहिला प्रकार विषयाला वाहिलेल्या दप्तरखान्यांचा. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात १९९६ पासून ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ आहे. तेथे पुरातत्त्वाचे जाणकार धारिणी तपासतात, प्रकार बदलतात, वर्णन नीट करून घेतात. सुरुवातीच्या काळातच लंडनमधील न्यूहॅम येथील संग्रहालयाचे पुरातत्त्व पथक बंद झाले आणि त्याच्या दोनशेहून अधिक फ्लॉपी या केंद्राकडे आल्या. काही वाचता आल्या, काही नाही. काहींत काय आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते. त्या अनुभवाचे दाखले तेथील लोक अजून देतात. हे केंद्र ठेव स्वीकारताना एकदाच शुल्क घेते आणि वाचकाला सारे मोफत देते. तत्त्व अक्षयनीवीचेच. ज्या मोठ्या सरकारी अनुदानित योजनेचा ते भाग होते तिचे अनुदान २००८ मध्ये थांबले. यॉर्कचे केंद्र टिकले; त्याला विद्यापीठाचा आसरा होता आणि उत्पन्नाचे इतर मार्गही होते. मात्र त्याचा मुख्य भर ब्रिटनमधील पुरातत्त्वावर आहे.

अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाकडे ‘टीडार’ आहे. तेही ठेवताना शुल्क घेते. संवेदनशील धारिणी गोपनीय ठेवण्याची आणि नकाशावर नेमके स्थान धूसर करण्याची सोय तेथे आहे. ‘ओपन कॉन्टेक्स्ट’ ही तिसरी जागा प्रकाशन संस्थेसारखी चालते. संपादक तक्ते स्वच्छ करून, इतर उत्खननांच्या नोंदींशी जुळवून प्रसिद्ध करतात.

दुसरा प्रकार सर्व विषयांसाठी खुल्या असलेल्या भांडारांचा. त्यांत ‘झेनोडो’ माझ्यासारख्याला जवळचे. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने ते २०१३ मध्ये सुरू केले. नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून घेतले आहे. पदवी, संस्था, देश काही विचारत नाहीत. एका नोंदीत पन्नास गिगाबाइटपर्यंत जागा, डीओआय, सारे मोफत. त्यांचे धोरण प्रामाणिक आहे. सर्न आहे तोवर धारिणी राहतील, आणि सर्नचा कार्यक्रम किमान पुढच्या वीस वर्षांसाठी आखलेला आहे, असे ते सांगतात. पण ती धारिणी पुढे उघडेल, समजेल, याची हमी देत नाहीत. म्हणजे ताळा आणि पत्ता त्यांचा, लिप्यंतर आपले.

भारतातही हे ज्ञान आहे. विश्वासार्ह डिजिटल दप्तरखान्यांसाठी आयएसओ १६३६३ हे मानक आहे. त्याचे प्रमाणपत्र जगात सर्वांत आधी, २०१७ मध्ये, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या सांस्कृतिक दृक्‌श्राव्य संग्रहाला मिळाले, आणि त्यामागची प्रणाली पुण्याच्या सी-डॅकची होती. हा संग्रह ध्वनी आणि चित्रफितींचा आहे. स्वतंत्र संशोधकाच्या तक्त्यांसाठी आणि नकाशांसाठी असेच दार आपल्याकडे उघडणे अवघड नाही. कौशल्य पुण्यातच आहे.

खुले किती ठेवावे?

खुलेपणाचा आग्रह आज सर्वत्र आहे आणि तो योग्य आहे. पण वीरगळाचे नेमके स्थान जगजाहीर केले की अभ्यासक येतो तसा मूर्तिचोरही येतो. रानात एकटी उभी असलेली शिळा रातोरात उचलून नेणे कठीण नाही. शिवाय अनेक शिळा आजही पुजल्या जातात. त्यांच्याविषयी गावकऱ्यांनी विश्वासाने सांगितलेले सारेच छापण्यासाठी नसते. म्हणून दप्तरखान्याला विचारायचा दुसरा मोठा प्रश्न असा: काही भाग बंद ठेवता येतो का, आणि माझ्या पश्चात तो उघडण्याचा अधिकार कोणाकडे राहील?

मी काय ठरवले

विषयवार दप्तरखान्यांचे शुल्क माझ्या आवाक्याबाहेर आणि त्यांचा भरही इतरत्र. म्हणून मी झेनोडो निवडले आणि तेथे न मिळणारे काम स्वतःकडे घेतले. तक्ते साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात, लेख ‘पीडीएफ-ए’त, छायाचित्रे ‘टिफ’मध्ये आणली. जुन्या फाँटांतली टिपणे युनिकोडमध्ये उतरवली. त्यालाच सर्वाधिक महिने लागले. प्रत्येक रकान्याचा अर्थ, मोजण्याची पद्धत आणि गावांच्या नावांची मराठी व रोमन रूपे सांगणारी एक पुस्तिका मराठीत आणि इंग्रजीत जोडली. खुल्या नोंदीत स्थान गावापुरतेच दिले. नेमकी स्थाने वेगळ्या, बंद नोंदीत आहेत. अभ्यासकाने कारण देऊन मागायची.

तरीही एक प्रत एका ठिकाणी म्हणजे फलकवारच. २०१८ मध्ये रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय एका रात्रीत जळाले. ज्यांच्या नोंदींच्या प्रती इतरत्र होत्या त्या संग्रहांविषयी आज काही सांगता येते. म्हणून दुसरी प्रत एका इतिहास मंडळाकडे दिली आणि मुख्य तक्ता जाड कागदावर छापून दोन ग्रंथालयांत ठेवला. देताना मंडळाकडून लेखी घेतले: वर्षातून एकदा डिस्क उघडून ताळा कोण पाहील, दर पाच वर्षांनी नवी डिस्क कोण घेईल, आणि मंडळ बंद पडले तर प्रत कोणाकडे जाईल. त्या खर्चासाठी एक लहान मुदत ठेव मंडळाच्या नावे केली. व्याज थोडेच आहे, पण डिस्कपुरते पुरते.

गावोगावच्या मंडळांत, निवृत्त शिक्षकांच्या कपाटांत, हौशी दुर्ग-अभ्यासकांच्या संगणकांत अशा नोंदी पडून आहेत. त्यांतल्या कित्येक वास्तू आता नाहीत. दिवाळीनंतर कपाट आवरताना ती डिस्क हाती लागली तर ती उघडते का ते आधी पाहावे. उघडली तर कोणत्या रकान्यात काय लिहिले आहे हे त्याच आठवड्यात, लिहिणारा माणूस असेतोवर, त्याच्याकडून लिहून घ्यावे. दप्तरखाना त्यानंतर निवडता येईल.