फोर-के नेमके कुणाच्या डोळ्यांसाठी?

अखाजीला लेकी माहेरी येतात, सुरत-पुण्याला कामाला गेलेली मुले सुटी काढून गावी येतात आणि जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत याच दिवसांत टीव्हीचा विषय निघतो. आबांची तक्रार ठरलेली असते, ‘माले बराबर दिखत नही.’ मुलगा म्हणतो, टीव्ही जुना झाला. मग गोलाणी मार्केट किंवा आग्रा रोडची एक फेरी होते आणि घरात ४३ इंची फोर-के टीव्ही येतो, नाहीतर जुन्याच टीव्हीच्या मागे लावायची फोर-के स्टिक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ही खरेदी थोडी हलकीही झाली आहे. पंधरा दिवस कौतुकात जातात. सोळाव्या दिवशी आबा पुन्हा म्हणतात, दिखत नही. टीव्हीची तपासणी झाली, वायर बदलून झाली, नेटवाल्याला फोन झाला. आबांचे डोळे मात्र कुणी तपासलेले नसतात.

हाय रिझोल्युशन व्हिडिओसाठी कोणते उपकरण घ्यावे, या प्रश्नाची सुरुवात दुकानात होत नाही, ती डोळ्याच्या पडद्यावर होते. नेत्रतज्ज्ञाच्या भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता असतो, तो हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ मध्ये तयार केला. ज्याला ६/६ दिसते असे आपण म्हणतो, तो माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. त्याहून बारीक तपशील समोर असला तरी तो सामान्य डोळ्याला एकजीवच दिसतो. आता हे गणित टीव्हीला लावून पाहू. फुल एचडी चित्रात १,०८० आडव्या ओळी असतात, फोर-केमध्ये २,१६०. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे फुल एचडीची एक ओळ झाली अर्ध्या मिलिमीटरची. अर्धा मिलिमीटर डोळ्याला वेगळा दिसतो तो सुमारे पावणेदोन मीटरपर्यंत, म्हणजे साडेपाच फुटांपर्यंत. त्यापलीकडे बसलेल्याला फुल एचडी आणि फोर-केमधला ओळींचा फरक दिसण्याचे कारणच उरत नाही. ५५ इंची टीव्हीला हीच मर्यादा सुमारे सात फूट, ६५ इंचीला साडेआठ. ढोबळ हिशेब असा, की टीव्हीच्या इंचांना आठाने भागावे. जे उत्तर येईल त्याहून जास्त फुटांवर तुमची बसण्याची जागा असेल, तर फोर-केचे पैसे डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

दहा बाय बाराच्या खोलीत पलंग एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असतो. मधले अंतर आठ-नऊ फूट. एवढ्या अंतरावरून ४३ इंची टीव्हीवर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही फुल एचडी पुरेसे आहे. ज्यांच्याकडे ३२ इंची जुना टीव्ही आहे त्यांनी तर मागची पट्टी वाचून घ्यावी. त्यातले पुष्कळ टीव्ही फुल एचडीही नसतात, त्यांच्या पडद्यावर ७६८ ओळीच मावतात. त्याला फोर-के स्टिक लावणे म्हणजे शेराच्या भांड्यात मण ओतणे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फोर-के म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीचे चित्र कधी कधी खरेच उठून दिसते. त्याचे श्रेय ओळींच्या संख्येला नसते. उजेड आणि अंधार यांतला फरक, रंगांची खोली आणि एका सेकंदाला येणाऱ्या माहितीचे प्रमाण यांना असते. एचडीआर म्हणतात ते हेच. पण पडद्याचा उजेडच बेताचा असेल, तर खोक्यावरच्या ‘एचडीआर’ या शिक्क्याने काही साधत नाही. दुकानात टीव्ही पाहताना जाहिरातीचा झगझगीत व्हिडिओ पाहू नये. रात्रीचा प्रसंग असलेला, आपल्या परिचयाचा एखादा चित्रपट लावायला सांगावे. काळोखातले चेहरे ओळखू आले तर टीव्ही बरा.

आता आबांकडे वळू. साठीच्या पुढे मोतीबिंदू हळूहळू वाढतो, दुखत नाही, लालीही येत नाही. नजर ६/१८ वर आली, म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर पाहायला सहा मीटरवर यावे लागू लागले, तरी माणूस घरात वावरतो, शेतात जातो, नोटा ओळखतो. पण अशा डोळ्याला नऊ फुटांवरच्या ४३ इंची पडद्यावर जेमतेम सव्वादोनशे ओळी वेगळ्या दिसतात. युट्यूबवर नेट फारच मंद असताना २४०पीचे जे धूसर चित्र येते, साधारण तेवढेच. मुलाने २,१६० ओळींचे पैसे भरले आणि वडिलांना त्यातल्या दहातली एकच मिळाली. ही तक्रार मोतीबिंदूची असेल तर शस्त्रक्रियेने नजर बहुधा परत मिळते. भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालवला आहे आणि शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. मात्र धूसरपणा काचबिंदूचा किंवा मधुमेहाने पडद्याला झालेल्या इजेचा असेल, तर गेलेली नजर सहसा परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. अशा घरात ‘आधी मोठा टीव्ही घेऊन पाहू’ म्हणत घालवलेले सहा महिने महागात पडतात. मधुमेह असलेल्याने तर तक्रार नसतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा असतो. दहा मिनिटांची घरगुती चाचणी पुरते: एक डोळा तळहाताने झाका, बातम्यांची खालची पट्टी वाचा, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांत फरक जाणवला, किंवा घरातल्या तरुणाला वाचता येते ते तुम्हाला येत नसले, तर दुकानाऐवजी ओपीडी गाठावी.

नातवाचे उलटे असते. तो पलंग सोडून टीव्हीच्या पुढ्यात, तीन फुटांवर जाऊन बसतो. घरचे ओरडतात, ‘मागे सर, डोळे खराब होतील.’ जवळ बसल्याने डोळे खराब झाले, की आधीच लांबचे कमी दिसते म्हणून तो जवळ बसतो, हे एकदा तपासून घेतलेले बरे. शाळेत फळा वाचण्यासाठी तो पहिल्या बाकावर जागा मागत असेल, तर चष्म्याचा नंबर जवळजवळ ठरलेलाच. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि त्यापुढे शाळेत जाण्याच्या वयापर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. स्टिक घेतल्या दिवशीच तिच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंद करावे. मोठ्यांच्या झोपेसाठीही तेच औषध.

उपकरण निवडायचेच असेल तर पुढचा प्रश्न नेटचा. फोर-केसाठी सेकंदाला सुमारे १५ मेगाबिटचा सलग प्रवाह लागतो, फुल एचडीला ५ पुरतात. पंधराच्या वेगाने तासाभरात साडेसहा-सात जीबी डेटा खर्च होतो. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर टीव्ही चालवणाऱ्या घरात चित्रपटाचा पहिला अर्धा तासही संपत नाही. शिवाय आपण काय पाहतो हाही मुद्दा आहेच. खान्देशातली अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यांना युट्यूबवर कोटींनी प्रेक्षक मिळाले, त्यांची मूळ फाइल फुल एचडी असेल तर कोणतीही स्टिक तिच्यात नसलेला तपशील भरू शकत नाही.

स्वस्तातल्या अनोळखी अँड्रॉइड बॉक्सपासून लांब राहावे, याची दोन कारणे. चित्रपटांच्या सेवा आपले चांगले चित्र फक्त प्रमाणित उपकरणालाच देतात. वाइडव्हाइन नावाच्या कुलपाची सर्वांत वरची पातळी, एल-१, त्या बॉक्समध्ये नसेल तर खोक्यावर एट-के छापलेले असले तरी समोर ४८०पीचेच चित्र येते आणि पैसे भरूनही दोष नेटला दिला जातो. दुसरे कारण गंभीर आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल इशारा दिला. अशा काही बॉक्समध्ये विक्रीआधीच घुसखोर सॉफ्टवेअर भरलेले सापडले होते आणि घरातल्या नेटचा वापर गुन्हेगार परस्पर करत होते. ‘एकदाच पैसे द्या, सगळे चॅनल फुकट’ ही जाहिरात दिसली की हात आखडता घ्यावा. नामांकित कंपनीची साधी एचडी स्टिक यापेक्षा शंभर पटींनी बरी. खोक्यावर आणि अडॅप्टरवर बीआयएसची खूण, तिच्याखाली आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे.

आणि मग आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नवे नाही. या उपकरणांच्या पुस्तिकेत बाहेरच्या हवेची मर्यादा साधारण ३५ किंवा ४० अंश दिलेली असते. धाब्याच्या घरात ती कदाचित पाळली जाईल, स्लॅबच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला टीव्ही असेल तर नाही. स्टिकमध्ये पंखा नसतो. टीव्हीची ऊब, भिंतीची धग आणि स्वतःचे काम या तिहेरी तापाने तिची चिप आपला वेग कमी करते आणि दुपारी चित्र अडखळू लागते. तेच रात्री अकराला सुरळीत चालते. खोक्यात मिळणारी छोटी एचडीएमआय वायर फेकून न देता तिच्यावर स्टिक बाजूला लोंबती ठेवली, की पुष्कळ फरक पडतो. वीज जाऊन एकदम जास्त दाबाने येणाऱ्या भागात टीव्हीबरोबर स्टिकचे अडॅप्टरही स्टॅबिलायझरवर घ्यावे.

या दिवसांत कूलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीवर मात करायला टीव्हीचा आवाज चढतो. वयाबरोबर कानाची उंच स्वर ऐकण्याची ताकद आधी जाते. स, श, फ अशी व्यंजने निसटतात. आवाज येतो पण शब्द कळत नाही. आवाज वाढवून हे सुटत नाही, शेजारी तेवढे जागे होतात. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि ९० डेसिबलला ती चारच तासांवर येते. म्हणून उपकरण घेताना त्यात ब्लूटूथने हेडफोन जोडता येतो का, संवाद ठळक करण्याची सोय आहे का, हे विचारणे फोर-केपेक्षा महत्त्वाचे. कूलरचा झोत मात्र टीव्ही पाहणाऱ्याच्या तोंडावर नको. टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यात ती हवा लागली की डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

मोतीबिंदूने पिवळट झालेले भिंग काढून नवे बसवले की निळा रंग एकदम उजळ दिसू लागतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्यांनाही रंग बदललेले दिसले होते. घरी परतलेल्या आबांची टीव्हीबद्दलची नवी तक्रार त्यामुळे वेगळीच असते. चित्र फार भडक आहे म्हणतात. वर्षभर ‘व्हिव्हिड’वर ठेवलेला टीव्ही मग कुणीतरी रिमोटने ‘स्टँडर्ड’वर आणते, उजेड निम्म्यावर करते, आणि तो जुना, ३२ इंचीच टीव्ही त्यांना चालतो.