अजून न लिहिलेल्या पानाचा दुवा

कुठल्याही ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "अरे, ते कुठंतरी लिहून ठेवलंय." कुठंतरी म्हणजे कुठं? जुन्या मेलमध्ये, कुणाच्या तरी लॅपटॉपवर, की 'फायनल नवीन 2' नावाच्या फोल्डरात? आणि गंमत बघा, हाच प्रश्न एका माणसानं इतका मनावर घेतला की त्याचं उत्तर शोधता शोधता वर्ल्ड वाइड वेब जन्माला आलं!

1980 साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली हा पंचविशीतला इंग्रज तरुण सहा महिन्यांच्या कामासाठी आला. कोणता प्रोग्रॅम कुणी लिहिला, तो कोणत्या मशीनवर चालतो, कशाला काय लागतं, हे सगळं डोक्यात ठेवणं अवघड. म्हणून त्यानं स्वतःपुरतं 'एन्क्वायर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात प्रत्येक गोष्टीचं एक पान. नवं पान हवं असेल तर आधीच्या एखाद्या पानावरून दुवा काढायचा, दुसरी सोयच नाही. म्हणजे कशालाही न जोडलेलं पान तयारच होत नसे! शिवाय यानं ते बनवलं, हे त्याचा भाग आहे, हे ते वापरतं, असं दोन पानांमधलं नातंही त्या दुव्यावर नोंदवलेलं असे.

हे इतकं मोलाचं का? समजा, पगाराचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालतं तो बंद पडला तर काय करायचं, याचं टिपण तुम्ही लिहिलंत. ठेवणार कुठं? 'अकाउंट्स'मध्ये, 'सर्व्हर'मध्ये की 'तातडीची कामं'मध्ये? फोल्डर म्हणतो, एकच जागा सांगा. मोठ्या वाड्यात एखादी बाई एका वेळी एकाच खोलीत असते, पण त्याच वेळी ती कुणाची आत्या, कुणाची मामी आणि कुणाची जाऊ असते, आणि तिला शोधणारं प्रत्येक जण आपापल्या नात्यानंच हाक मारतं. तुमच्या टिपणाचंही तेच. ते कुठल्या खोलीत आहे याला फारसं महत्त्व नाही. किती जण त्याला हाक मारू शकतात, यावर ते सापडणं ठरतं.

मार्च 1989 मध्ये बर्नर्स-ली यांनी सर्नच्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. त्यातलं गाऱ्हाणं आजच्या कुठल्याही टीम लीडला आपलंच वाटेल: इथं माणसं साधारण दोन वर्षं टिकतात, जाताना माहिती घेऊन जातात आणि नव्यांना सगळं पुन्हा शोधावं लागतं. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर शेरा मारला की कल्पना धूसर आहे, पण उत्साह वाटावा अशी आहे. त्या धूसर कल्पनेचं पुढे काय झालं, ते आपण रोज मोबाइलवर बघतो.

मात्र जगभर पसरताना वेबनं एक गोष्ट मागे ठेवली. एन्क्वायरमधला दुवा दोन्ही टोकांना दिसायचा. वेबवरचा एकाच बाजूनं जातो. तुमच्या पानाकडे कोण बोट दाखवतंय, हे तुमच्या पानाला ठाऊकच नसतं. मुद्दामच केलं हे! दुसऱ्याच्या पानावर नोंद करायची तर त्याची परवानगी, सगळ्यांची मिळून एक वही, तिचा सांभाळ, हे सगळं आलं. ते टाळलं म्हणूनच वेब वाढलं. किंमत म्हणजे समोरचं पान गायब झालं की हाती येणारा तो 404. पण एका टीमची सगळी पानं एकाच डेटाबेसमध्ये नांदत असतील तर? मग उलटा दुवा फुकट मिळतो.

हे सहजपणे दाखवून दिलं अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी. 25 मार्च 1995 रोजी त्यांनी पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पानं लिहिता-बदलता येतील अशी वेबसाइट, सुरू केला. दुवा द्यायची रीत अशी: दोन शब्द चिकटवून लिहायचे, दोन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल. झाला दुवा. त्या नावाचं पान अजून कुणी लिहिलंच नसेल तर? शब्दापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह उमटायचं. त्यावर क्लिक करा आणि पान लिहायला घ्या! पानाच्या शीर्षकावर क्लिक केलं तर त्या पानाचा उल्लेख करणारी सगळी पानं समोर हजर. याच युक्तीतून वर्गवारीसुद्धा आपोआप निघाली. वर्गाच्या नावाचं एक पान करायचं आणि संबंधित प्रत्येक पानावर तळाशी ते नाव लिहायचं. शीर्षकावर क्लिक केलं की यादी तयार. एक पान पाच वर्गांत असलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. कपाट नाही, कारकून नाही, आणि वर्गीकरण मात्र चोख!

आता आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. मग देवनागरीत ही युक्ती चालावी कशी? विकिपीडिया 2001 च्या जानेवारीत सुरू झाला तो कॅपिटलवालीच रीत घेऊन, पण ती लवकरच मागे पडली आणि दुहेरी चौकटी कंस आले. कंसात कुठल्याही लिपीतलं काहीही लिहा, दुवा तयार. 1 मे 2003 रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ही वाट मोकळी होती.

प्रश्नचिन्हाची जागा तिथं लाल रंगानं घेतली. लाल दुवा म्हणजे पान हवंय, पण अजून कुणी लिहिलेलं नाही. विकिपीडियामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, अनेक संस्था आपल्या अंतर्गत कामासाठी तेच वापरतात, आणि त्यात 'हवे असलेले लेख' असं एक खास पान असतं. लाल दुवे मोजून ते यादी लावतं. ज्याच्याकडे सर्वांत जास्त पानांनी बोट दाखवलंय ते सर्वांत वर. जरा विचार करा, हे काय घडलं? कुणी सर्वे केला नाही, मीटिंग घेतली नाही. प्रत्येकानं आपापलं टिपण लिहिता लिहिता "याबद्दल वेगळं पान असायला हवं" एवढ्याच भावनेनं कंस टाकले, आणि सगळ्या टीमला मिळून काय माहीत करून घ्यायचंय, त्याची क्रमवार यादी तयार झाली. 'बॅकअप परत कसा आणायचा' हे नाव तिच्यात सगळ्यांत वर दिसलं, तर ते पान आजच लिहायला घ्या.